उभ्यानं सांगितलेली गोष्ट

अहेरीच्या आमच्या बालगृहात महिन्यातून एकदा बैठक व्हायची. कामाचा आढावा घेणारी नव्हे. वडशाहून एक वयस्क बाई यायच्या, मुलं सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांना गोल बसवायच्या आणि म्हणायच्या, "पोरांचं मागून. तुमचं काय होऊन राह्यलं, ते आधी सांगा." मला आधी हा उद्योग रिकामटेकड्यांचा वाटला. तिकडे पोरांची भांडणं, तापपाणी, अंथरुणं ओली, आणि आपण इथे मन उकलत बसायचं! पण बैठकीच्या दिवशी घरी गेल्यावर मी कोणावर खेकसत नाही, हे घरच्यांच्याच आधी लक्षात आलं.

आमच्यातला एक जण, ज्याला सगळे भाऊच म्हणायचे, मुलांचा काळजीवाहक होता आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करायचा. त्याला बसून काही सांगताच येत नसे. उभा राहायचा आणि बालगृहाच्या अधीक्षक साहेबांची चाल, एखाद्या पोराचा हट्ट, सगळं करून दाखवायचा. बाई म्हणायच्या, "भाऊ, आज बसून सांगा ना." आम्हीच गलका करायचो, "नाई बाई, उभ्यानंच करू द्या!" महिनाभराचा शीण त्या हसण्यात निघून जायचा, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघाला आठवीतल्या एका मुलीचा. आईवडील नव्हते, लहानपणापासून आमच्याकडेच होती. आता काका तिला कायमची न्यायला आला होता. ती मनातलं बोलायची ती फक्त भाऊशी, म्हणून तिला पाठवावं की नाही, हे त्याच आठवड्यात बालकल्याण समितीपुढे त्यानंच सांगायचं होतं.

भाऊ उठला. आधी काका झाला, मिशीवरून हात फिरवत. मग दुपट्टा डोक्यावर ओढून ती मुलगी झाला. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत म्हणाला, "मले नाई जायचं. काका मले मिरची तोडाले नेते." आवाज इतका हुबेहूब, की आम्ही खो खो हसलो. मी तर डोळे पुसले.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "भाऊ, हे पुन्हा सांगा. बसून." तो बसायला वाकलाही होता. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आता साहेबाची नक्कल होऊन जाऊ द्या!" तो सरळ झाला, साहेब झाला, आणि आम्ही पुन्हा हसलो. बाईंचं म्हणणं त्या गोंधळात राहून गेलं.

समितीपुढे भाऊनं सांगितलं, हरकत नाही. मुलगी गेली. मिरचीचा हंगाम आला तसा काका तिला घेऊन तेलंगणात गेला. शाळेतून कळल्यावर आम्ही धावपळ केली, समितीला कळवलं, माणसं पाठवली. ते कुटुंब गावाला परतलंच नाही. तिची पेटी अजून आमच्या खोलीत आहे, कोणी हलवत नाही.

भाऊनं नोकरी सोडली. आमची बैठक अजून होते आणि बाई अजून तेच विचारतात. आता सगळे शहाण्यासारखे बसून बोलतात. ते बघून मला कधी कधी संताप येतो.

मागच्या हिवाळ्यात वडशाला दुपारी चहाच्या टपरीवर भाऊ भेटला. संध्याकाळच्या नाटकाची तयारी चालली होती. माझी जीभ मुळातच तिखट, इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "भाऊ, समितीपुढे काऊन नाई बोलले तुमी?"

"तुमी सारे हसले ना ताई," तो म्हणाला. "मले वाटलं, मीच उगाच मनाले लावून घेऊन राह्यलो."

"मग बाई बसा म्हणत होत्या, तवा बसले काऊन नाई?"

त्यानं कप खाली ठेवला.

"बसलो असतो त रडलो असतो. अन् तुमी सारे त हसाची वाट पाहून राह्यले होते."