परवाचं पोर्तुगीज

किस्से आमच्या भिलाईत स्टील प्लांटच्या धुळीसारखे साठतात. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. सध्या आमच्या स्मृती नगरच्या घरात पोर्तुगीज किस्से साठलेत. मुलगा निखिल पोर्तुगालमध्ये, सून तिकडचीच, आणि चार वर्षांची नात मिहू फक्त पोर्तुगीज बोलते. तिच्याशी बोलता यावं म्हणून माझ्या बायकोने, कुंदाने, साठीनंतर ती भाषा शिकायला घेतली. मास्तर निखिल, वर्ग रविवारी, व्हिडिओ कॉलवर.

*

शेजारचे लांजेवार या वर्गात आपणहून भरती झाले. प्लांटमधून रिटायर झाले तरी त्यांचा दिवस अजून शिफ्टनेच चालतो. “फर्स्ट शिफ्टले बोम दिया, सेकंडले बोआ तार्द, नाइटले बोआ नोइत,” त्यांनी तिकडचे नमस्कार एका दमात म्हणून दाखवले. मग विचारलं, “अन् नऊ ते पाचच्या जनरल शिफ्टले काय म्हणतेत?”

निखिल अजून शोधतोय.

*

‘उद्या’ला तिकडे ‘आमान्यां’. शेवट नाकातून काढायचा. कुंदाला तो काही केल्या जमेना. लांजेवार म्हणाले, “वहिनी, सर्दी होऊ द्या, मंग जमते.”

*

‘परवा’ने मात्र घोळ घातला. त्यांच्याकडे गेलेल्या परवाला वेगळा शब्द आणि येणाऱ्याला वेगळा. निखिलने विचारलं, “आई, कोणता पाहिजे?”

“तू येणार तो सांग,” कुंदा म्हणाली.

निखिल म्हणाला, “आई, आवाज कटून राहिला.” आम्हाला तर त्याचा श्वासही ऐकू येत होता. दोन उन्हाळे झाले, तो ‘बघतो’ म्हणतोय. मलाही त्याची फार आठवण येते, पण बोलून दाखवते ती कुंदाच.

*

गेल्या रविवारी मिहू पहिल्यांदाच मन लावून आजीशी बोलत होती. तेवढ्यात आतून तिच्या आईने हाक मारली. पोरगी “जा वो!” असं ओरडली आणि स्क्रीनवरून गायब. कुंदाचा चेहरा उतरला. आमच्या बोलीत ‘जा वो’ म्हणजे बाईमाणसाला ‘चल, नीघ इथून’.

“कावून रे, मले जा वो म्हणते?”

निखिल हसला. “तुले नाही गं आई. मम्मीले म्हणाली, आलेच. इथे असंच बोलतात. शब्द पाहिले तर ‘आत्ता जाते’, मतलब ‘येते’.”

“म्हणजे जाते म्हणते अन् येते?”

“हो.”

कुंदा स्क्रीनजवळ सरकली.

“आपल्यात उलटं हाय रे. तू येतो म्हणून गेलता.”