बाबांचा न भिजणारा पास

सीमेच्या नाक्यासमोर, अर्जांच्या खिडकीपासून बावीस पावलांवर, आमच्या बाबांचं टेबल आहे. टेबलावर लॅमिनेशनचं मशीन, बसायला बाक, आणि मागच्या भिंतीवर बाबांच्याच अक्षरातली पाटी: 'सीमा-पास लॅमिनेट करून मिळणार नाही.'

जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, जे म्हणाल ते बाबा प्लास्टिकात घालतात. पास मात्र नाही. पासच्या पाठीवर दर फेरीला शिक्का बसतो, प्लास्टिकवर शाई टिकत नाही, म्हणून प्लास्टिक चढलेला पास बाद. हे बाबा एकोणीस वर्षं दिवसातून दहादा सांगत आलेत, तेही एकाच थकल्या सुरात: "शिक्का बसायचा नाही, दादा... परत पाठवतील, ताई..." एकदा झोपेतसुद्धा म्हणाले. आई कुशीवर वळत म्हणाली, "बरं, नाही करत. झोपा आता."

एवढी वर्षं नाक्यासमोर बसून बाबा स्वतः कधी पलीकडे गेले नव्हते. आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, पलीकडे दिलेली, तीच यायची. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी, सकाळी दहाला. तिला मूलबाळ नाही, आतोबा जाऊन चार वर्षं झाली. फोनवर म्हणाली, "तू ये रे. करायचं काही नाही. बाहेर नुसता बाकावर बसून राहा. डोळे उघडले की घरचं कुणीतरी दिसू दे."

सोमवारी बाबा रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या बाई नाकातून बोलतात आणि 'पुढचे'मधली शेवटची मात्रा गिळून टाकतात.

"केस कानावर आलेत. फोटोत कान दिसत नाहीत. पुढ्‌च!"

मंगळवारी: "कान दिसतायत, पण मान तिरकी आहे. पुढ्‌च!"

बुधवारी: "दाखल्यात नाव आधी, अर्जात आडनाव आधी. माणूस एकच ना?"

"एकच आहे हो, बाई. पण आता दोघांइतका दमलाय."

बाई हसल्या नाहीत. मागची रांग हसली.

गुरुवारी दुपारी पास हातात पडला. टेबलावर तोवर चार दिवसांचं काम साठलेलं. लोक दाखले ठेवून गेले होते, उद्या गाडी धरायची तर ते आजच उरकायला हवेत. बाबांनी पास समोर ठेवला, न जेवता बसले आणि मशीन तापवलं. पाकीट उघड, कागद सरकव, कडा जुळव, सोड. पाकीट उघड, कागद सरकव, कडा जुळव, सोड. सतरावा कागद पलीकडून गरमगरम बाहेर आला, तो बाबांचा पास होता.

दाखला न्यायला आलेली एक आजी वाकून म्हणाली, "अगोबाई, काय सुबक झालंय! कडा बघा कशा सरळ!"

बाबांनी ब्लेडनं कोपरा सोडवून पाहिला. प्लास्टिकबरोबर फोटोही सुटायला लागला. आधी कानच निघाला.

तरी ते नाक्याच्या फाटकाशी गेले. शिक्केवाले साहेब रोज त्यांना मान डोलावून नमस्कार करतात.

"अहो, तुम्ही? लोकांना तुमची पाटी वाचा म्हणून मी सांगतो!"

"हाताला सवय, साहेब. कळलंच नाही."

"मग शिक्का कुठे मारू? कपाळावर?" म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. पास उलटापालटा करत हळू आवाजात म्हणाले, "नवा काढा. बाद झालेल्याच्या बदली दुसरा द्यायला बारा दिवस लागतात. माझ्या हातात नाही हो काही."

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "पास मिळाला का रे?"

"मिळालाय, ताई. आता भिजायचा नाही, फाटायचा नाही."

एकोणीस वर्षांत पाटी तिलाही पाठ झाली होती. "गधड्या," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी दहाला बाबा टेबलामागच्या बाकावर बसले, पण मशीन लावलं नाही. समोर फाटक, पलीकडे गाड्या. गिऱ्हाइकांना हातानंच "नंतर" म्हणत होते. दीडला फोन वाजला. पलीकडची बाई अनोळखी, शेजारच्या खाटेवरची.

"आल्या हो शुद्धीवर. विचारतायत, तो आला का?"

बाबांनी फाटकाकडे पाहिलं. "सांगा त्यांना... सकाळपासून बाकावरच बसलाय म्हणावं."

फोन ठेवला. मग उठले, दोन्ही कानांवरचे केस मागे सारले आणि नव्या फोटोसाठी निघाले.