गाडीचा प्राणायाम आणि तेलाचा डबा

मंडळी, आज आमच्या टर्बो गाडीने माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराची लाज राखली.

गेल्या महिन्यात आमचे मेकॅनिक गजूभाऊ यांनी तिला हवेचा चकचकीत उघडा फिल्टर बसवला. आवाज सिंहाचा झाला, पण दुपारी चढ आला की गाडी धापा टाकायची. फिल्टर इंजिनाशेजारी बसून त्याचीच तापलेली हवा ओढत होता. चुलीत तोंड घालून कोणी प्राणायाम करतं का?

मी तो फिल्टर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, कडेने रबर लावलं आणि हेडलाइटमागून जाड पाइपने बाहेरची हवा डब्यात आणली.

गजूभाऊ हसले. “सर, हे गाडी होय का किराणा दुकान? चढली नाही तं डबा मीच फेकून देईन.”

आज भर दुपारी त्यांनाच शेजारी बसवून आंबागडकडचा चढ घेतला. गाडी न कुरकुरता वर गेली. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर फिल्टरमधून जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास बाहेरच्याइतकंच दिसत होतं.

गजूभाऊंनी स्कॅनरवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाले, “सर, घरी अजून डबे हायेत का?”

तुमच्या गाडीचं नाक कुठे आहे, बॉनेट उघडून पाहिलंय कधी?