मामाजींच्या डोक्यावरची गाठ

लोक दवाखान्यातून गोळ्या घेऊन येतात, आमच्या घरची माणसं किस्से घेऊन आली. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर गाठ निघाली तेव्हापासून ते साचतच गेले. आता हसून सांगते, तेव्हा घशाखाली घास उतरत नव्हता.

गोंदियात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

"लाल्या बैल घेतला तवापासून."

"बैल कधी घेतला?"

मामाजींनी खूप आठवून सांगितलं, "गाठ आली त्याच साली."

*

गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला, केसाच्या मुळाचा कॅन्सर. मॅडम म्हणाल्या, "असा पेशंट क्वचितच येतो. पण नागपूरला ऑपरेशन करून घेऊ, बरे होतील."

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "डोक्यावर केस चार. त्यातल्या एकाले कॅन्सर काऊन व्हावा?"

मामाजी मात्र चहाच्या टपरीवर ऐटीत सांगून राहिले, "हा कॅन्सर असा कोनालेबी होत नाही."

*

मी घाबरून घरातल्या सगळ्यांची डोकी चाचपली. माझ्या लहान लेकीच्या, परीच्या कानामागे टणक गाठ लागली! तिला कडेवर घेऊन मी रडतच दवाखान्यात निघाले. सासूबाईंनी फाटकात अडवलं, नखाने गाठ खरवडून काढली, उजेडात धरली.

"सकाळचा भात हाय."

*

ऑपरेशनसाठी नागपूरला मामाजींचं टक्कल केलं. आमच्याकडे म्हातारा माणूस टक्कल करतो ते घरात कोणी गेलं तरच. सालेकशाच्या पाहुण्यांनी त्यांना स्टेशनवर लांबून पाहिलं आणि ठरवलं, यांचे मोठे भाऊ गेले. दुसऱ्या दिवशी बाया फाटकापासूनच भाऊंचं नाव घेत रडत आल्या.

दार भाऊंनीच उघडलं.

"रडता कायले? मी धानाच्या बांधीवर गेलो होतो."

*

कापलेली गाठ पुन्हा तपासायला गेली होती. कडेला कॅन्सर उरला असता तर परत ऑपरेशन. रिपोर्ट येईपर्यंत सासूबाई मामाजींना एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. मासोळीचा मधला तुकडा त्यांच्याच ताटात. "थकले का जी? पाय दाबून देऊ?"

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गोंदियाला मॅडमसमोर बसलो. मॅडम कागद वाचून हसल्या. "कडा साफ आहेत. कॅन्सर पूर्ण निघाला."

मला रडूच फुटलं. सासूबाई मात्र ताडकन उठल्या. "मंग चला लवकर. किती दिवस लोळून राहिले! बांधीत गवत कमरेएवढं झालं, ते काय मी काढू?"

मामाजी जागचे हलले नाहीत. टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, थोडासा बाकी हाय म्हना ना."