दहा जणांची शेपटी

रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात नोंदणीच्या खिडकीत बसून बाईंना बावीस वर्षं झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवर पाटी लावली, 'सरासरी प्रतीक्षा चाळीस मिनिटं', आणि बाईंच्या डोक्याला भुंगा लागला. चाळीस मिनिटं थांबलेला माणूस त्यांना औषधालाही सापडेना. कुणी पंचविसाव्या मिनिटाला मोकळा, तर कुणी तीन तास बाकाला खिळलेला.

त्यांनी शंभर जणांच्या वेळा वहीत टिपल्या आणि वही सुनेपुढे ठेवली. सून कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिने लगेच आलेख काढला. डावीकडे नव्वद जणांचा उंच ढीग, उजवीकडे लांबवर दहा जणांची शेपटी.

"आई, ही विषमता. शेपटीने सरासरीला आपल्याकडे ओढलंय."

"किती ओढलंय, ते मोजता येतं?"

"येतं की. सगळ्यांना वेळेप्रमाणे रांगेत उभं करा. मधल्याची वेळ पंचवीस. चाळिसातून ती वजा करा, तिप्पट करा, आणि वेळा किती पसरल्यात त्या मापाने भागा. ते माप इथे पंचेचाळीस."

"पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले पंचेचाळीस. म्हणजे एक."

"दोन्ही बाजू सारख्या असत्या तर शून्य आलं असतं."

त्या शेपटीत आहे तरी कोण, हे बघायला बाई दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकावर जाऊन बसल्या. शेजारी एक आजोबा सकाळपासून होते.

"आजोबा, तुमचा नंबर मघाशीच पुकारला ना?"

"नको, चहा आत्ताच झाला," आजोबा म्हणाले.

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता लख्ख उजेड पडला. आठवडाभर त्यांनी तीन तासवाल्या प्रत्येकाला गाठलं. झाडून सगळे कानाने अधू. शिपाई दोनदा पुकारायचा, ओ आली नाही की कागद गठ्ठ्याच्या तळाशी.

बाई आलेख घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

"म्हणजे आमची पाटी खोटी?"

"खोटी नाही, डॉक्टर. पण तिच्यात कुणी बसतच नाही."

डॉक्टर खो खो हसले. त्याच आठवड्यात दारावर पुकारलेला नंबर दाखवणारे हातभर आकड्यांचे पुठ्ठे लागले. महिन्याने बाईंनी पुन्हा शंभर जण मोजले. सरासरी सव्वीस, मधला पंचवीस, भागाकार जेमतेम पाव.

सुनेने दोन्ही आलेख वर्गात नेले, आणि पाठोपाठ सासूबाईंनाही. बाई फळ्यापुढे तासभर बोलल्या. घसा बसला, पण चेहरा असा फुलला होता की विचारू नका. आता औषधाच्या खिडकीवाल्यांनीही त्यांना मोजायला बोलावलंय.