साठ टक्के होईपर्यंत

घाटाच्या पायथ्याशी, ढाब्याला लागून, एक चार्जिंग पॉइंट आहे. परवा दुपारी चारला तिथे माझ्या पुढे एक इलेक्ट्रिक एसयूव्ही उभी होती. मशीनच्या पडद्यावर एकतीस टक्के दिसत होते. गाडीचा मालक पन्नाशीचा होता. त्याचे वडील, आबा, सकाळी वारले होते आणि गाव घाटावर, तिथून दोन तासांवर होतं.

"दादा, दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणतायत सगळे," फोनच्या स्पीकरवरून धाकटा भाऊ म्हणाला. "किती झाले?"

"एकतीस. साठ तरी लागतील. मी अंतर धरलं होतं रे, चढ धरला नव्हता."

"आबा म्हणायचेच, तुझी गाडी लेकरासारखी घोट घोट पिते."

दोघेही हसले आणि लगेच भावाने फोन ठेवला.

अशा गाडीबद्दल लोक पहिल्यांदा विचारतात, एका चार्जमध्ये किती जाते? किती वेळ थांबावं लागतं, हे नंतर विचारतात, आणि त्याचं उत्तर चहाच्या कपांत दिलं जातं. एरवी ते खरंही असतं. चहा पिऊन होतो, गाडी निघते. त्या माणसासमोरचा चहा मात्र तसाच होता.

अडतीस टक्क्यांवर फोन पुन्हा वाजला. भावाच्या मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"उचला तुम्ही," गाडीचा मालक म्हणाला. "अग्नी तू दे."

फोन खिशात ठेवून तो मशीनपाशी गेला. केबल त्याने काढली नाही. घाट चढायला साठ टक्के आताही लागणारच होते.