आर्टिस्टचे पप्पा

माझे दाजी उत्तमराव गर्दी नसतानाही गर्दी बाजूला सारत चालायचे. मी ते पहिल्यांदा पाहिलं चिखलीच्या भाजी मंडईत. पुढे दाजी, दोन्ही हात पोहल्यासारखे पसरून, "जागा द्या, जागा द्या, आर्टिस्टला जाऊ द्या," असं ओरडत. त्यांच्या मागे माझा भाचा सोहम, तोंडाला काळा मास्क आणि दिवस मावळला तरी डोळ्यांवर गॉगल. सगळ्यात मागे माझी थोरली बहीण, अक्का, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. समोर मेथीची जुडी निवडणारी एक बाई आणि कोबीची पानं खाणारी एक गाय, एवढीच काय ती गर्दी. बाई बाजूला झाली. गाय झाली नाही. दाजी गायीला वळसा घालून गेले आणि पलीकडे पोचल्यावर त्यांनी पुन्हा हात पसरले.

आधी ते असे नव्हते. लातूरकडून आलेला, चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला पर्मनंट झालेला साधा माणूस. मला इकडे आणून एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात नोकरीला चिकटवलं ते त्यांनीच. रविवारी मटण आणायचे, दुपारी झोपायचे आणि उठल्यावर लोकांच्या पोरांना नावं ठेवायचे. मग त्यांचा स्वतःचा पोरगा प्रसिद्ध झाला.

सोहम तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. सोसायटीतल्या एका कॅमेरावाल्या मुलाने त्याला घेऊन गाण्याचा व्हिडिओ केला. इंद्रायणीच्या काठाने सायकलवर जाणारा पोरगा, पुढे दोन वेण्या घातलेली मुलगी. सोहम वळून बघतो, कपाळावरचे केस मानेच्या एका झटक्याने मागे टाकतो आणि हसतो. बस, एवढंच. पण ते हसू मोबाइलवरून असं पसरलं की त्या वर्षीच्या गणपतीत निगडीपासून आळंदीपर्यंत प्रत्येक मांडवात तेच गाणं. अकरावी-बारावीच्या मुली त्याच्या बिल्डिंगखाली येऊन उभ्या राहायला लागल्या. हातावर पेनाने त्याचं नाव लिहिलेलं, डोळे वर गॅलरीकडे.

दाजींनी लगेच गॅलरीचं वेळापत्रक ठरवलं. "सकाळी कॉलेजच्या टायमाला एकदा, संध्याकाळी क्लास सुटल्यावर एकदा," ते मला सांगत होते. "जास्त दिसलं की किंमत उतरती." सोहम गॅलरीत जायचा, केस झटकायचा, हसायचा आणि आत यायचा. आत आला की ते हसू असं जायचं, जसं कुणी बटण बंद केलं.

त्याच वर्षी दाजींनी नोकरी सोडली. चाकणच्या पट्ट्यात पर्मनंट नोकरीसाठी लोक नवस बोलतात, आणि या गृहस्थाने ती सोडून छातीवर 'मॅनेजर' असं लिहिलेला टी-शर्ट बनवून घेतला. मी समजवायला गेलो.

"पर्मनंटचं काय घेऊन बसलाव सुनीलराव?" ते म्हणाले. "कंपनी बंद पडती. चेहरा पर्मनंट असतो."

"दाजी, सगळ्यात आधी चेहराच बदलतो."

ते मोठ्याने हसले. "तुम्ही क्वालिटीतली माणसं. तुम्हाला सगळ्यात डिफेक्टच दिसायलाय."

मग सुपाऱ्या सुरू झाल्या. मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन, जिमचं उद्घाटन, चाकण रस्त्यावरच्या मिसळवाल्याचं उद्घाटन, दहीहंडी, नगरसेवकांचे वाढदिवस. नगरसेवक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो चौकातल्या फ्लेक्सवर यायचा. सोहमने स्टेजवर यायचं, रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवायचे, केस झटकायचे, जायचं. बारावीच्या पेपरच्या दिवशी तो भोसरीला एका ज्वेलर्सची फीत कापत होता. अक्का रडली. दाजी म्हणाले, "परीक्षा दरवर्षी असती. सीझन दरवर्षी नसतो."

घरात त्यांनी मुलाला नावाने हाक मारणं सोडलं होतं. 'आर्टिस्ट झोपलेत', 'आर्टिस्टला चहा नको, रंग काळवंडतो', 'आर्टिस्टच्या आईने असा मळका गाउन घालून दारात येऊ नये'. आर्टिस्टची आई म्हणजे माझी अक्का. ती त्या मळक्या गाउनमध्ये आर्टिस्टचे चकचकीत शर्ट हाताने धूत असायची, कारण मशीनमध्ये त्यांच्या टिकल्या निघायच्या.

एका वर्षी निगडीच्या बस स्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स लागला: सोहमच्या सोळाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा लागला, पुन्हा सोळावाच. मी दाजींना म्हणालो, "अहो, मागच्या वर्षी सोळावा होऊन गेला की."

"वय फॅन ठरवतेत," दाजी शांतपणे म्हणाले. "त्यांना सोळा पाहिजे, आपुन सोळा देतो."

पण सोहमच्या अंगाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मिशी फुटली. आवाज घोगरा झाला, खांदे भरले. दाजी रोज सकाळी त्याला स्टुलावर बसवून स्वतःच्या हाताने दाढी करायचे, हनुवटी वर धरून, दोन-दोनदा वस्तरा फिरवून. जेवणात अर्धी भाकरी. एकदा मी अचानक घरी गेलो तर अक्का स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून उभी होती आणि वीस वर्षांचा तो पोरगा ओट्याला टेकून तिच्या हातून घाईघाईने भात गिळत होता. मला बघून दोघं दचकली. दाजी नाहीत हे कळल्यावर त्याने आणखी एक घास मागितला.

आणि मग दुसरी पोरं आली. जास्त गोरी, खरोखरच सोळा वर्षांची. चाकणच्या एका कामगार वसाहतीतल्या कार्यक्रमात सोहम स्टेजवर चढला तशी पुढची मुलं ओरडली, "ए काका, घरी जा!" सगळं मैदान हसलं. सोहमने केस झटकले आणि गाणं संपेपर्यंत ओठ हलवत राहिला. त्यानंतर तो प्यायला लागला. दाजींना ते पक्कं माहीत होतं, कारण स्टेजवर जाण्याआधी ते त्याच्या तोंडात वेलदोडा घालायचे. "फॅनला वास येऊ नये," एवढीच त्यांची काळजी.

अक्काच्या आग्रहावरून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. चाकणला टायरच्या दुकानाचं उद्घाटन होतं. परत निघताना दुपार होती, शिफ्ट सुटण्याची वेळ, रस्ता मोटारसायकलींनी भरलेला. मी गाडीची चावी मागितली. दाजी म्हणाले, "आर्टिस्ट स्वतः गाडी चालवताना दिसले पाहिजेत." सोहम चालवायला बसला, दाजी त्याच्या शेजारी काच खाली करून, आणि मागे मी. चौकाच्या अलीकडे समोरची मोटारसायकल हळू झाली आणि आमची गाडी झाली नाही. माणूस उडून दुभाजकाजवळ पडला. अंगात कंपनीचा गणवेश, जेवणाचा डबा उघडून रस्त्यावर सांडलेला, आणि एक पाय चुकीच्या बाजूला वळलेला. गणेश नाव त्याचं, हे नंतर कळलं. तेव्हा तो फक्त "आई, आई" करत होता.

मी खाली उतरून त्याच्याकडे पळालो. दाजी माझ्यामागे आले. मला वाटलं, त्याला उचलायला आले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुनीलराव, गाडी तुम्ही चालवत होताव."

"काय?"

"तुमचं काय जायलंय? तुम्हाला कोण ओळखतंय? याचं सगळं करिअर हाय."

तोवर चौकातला हवालदार आला. गर्दी जमली होती, दाजींना हवी होती तेवढी, आणि सगळ्यांच्या हातांत मोबाइल. हवालदाराने विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" दाजींनी माझ्याकडे बोट केलं. मी तोंड उघडायच्या आत सोहम पुढे झाला. गॉगल काढून त्याने खिशात ठेवला.

"मी चालवत होतो," तो म्हणाला. "प्यालोय मी. यांचा काही संबंध नाही."

दाजी त्याच्या कानात कुजबुजले, पण मला ऐकू आलं. "लोकं बघायलेत. चेहरा झाक."

सोहमने चेहरा झाकला नाही. तो रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि त्याने गणेशचं डोकं हातात धरलं.

गणेश वाचला, पण पायात सळी आली आणि पुढे महिनोन्‌महिने काम गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. त्याची बायको लहान पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. सोहमला तिच्यासमोर शब्द फुटेना. दाजींना फुटला. त्यांनी पिशवीतून सोहमचा मोठा रंगीत फोटो काढला, त्यावर आधीच सही घेऊन ठेवलेली, आणि प्लास्टरमध्ये अडकलेल्या माणसाच्या उशाशी ठेवला. "आर्टिस्टकडून आठवण," ते म्हणाले. गणेशची बायको त्या फोटोकडे आणि मग दाजींकडे बघत राहिली. तिने तो फोटो उचलून औषधांच्या रिकाम्या खोक्यांबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकला. आयुष्यात एवढं योग्य काम होताना मी क्वचितच पाहिलं आहे.

पोलीस चौकीतल्या सोहमचा व्हिडिओ त्याच्या गाण्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. ज्या पोरींनी हातावर नाव लिहिलं होतं त्यांनीच खाली हसण्याची चित्रं टाकली. फ्लेक्सवरच्या नगरसेवकांपैकी एकानेही फोन उचलला नाही. केस उभी राहिली, लायसन्स गेलं. व्यसन सोडवायला आम्ही त्याला एका केंद्रात ठेवलं. तिथून तो एकदा पळून आला आणि आठवड्याभराने स्वतःच्या पायांनी परत गेला. तो बाहेर आला त्या दिवशी अक्काने कपड्यांची बॅग भरली आणि त्याला घेऊन चाकणला एका खोलीत राहायला गेली. दाजींनी तिला अडवलं नाही. फक्त टिकल्यांचे शर्ट नेऊ दिले नाहीत.

आता सोहम एका गोदामात पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. कँटीनमध्ये अजून कुणीतरी ते गाणं लावतं आणि मान झटकून दाखवतं. तो जेवत राहतो. त्याला जाड मिशी आहे, पोट सुटलंय. वाईट दिवस आला की तो मला फोन करतो आणि मी दुचाकी काढून जातो. गणेशला तो महिन्यातून एकदा भेटतो. काय बोलतात, मी विचारलेलं नाही.

दाजी मात्र चिखलीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहून आर्टिस्टचं पेज चालवतात. जुनेच व्हिडिओ रोज नव्याने टाकतात. खाली कुणी लिहिलं, 'दादा, कुठे आहात?' की सोहमच्या नावाने उत्तर देतात, 'लवकरच येतोय, लव्ह यू ऑल'. लोक मला म्हणतात, म्हाताऱ्याची कीव कर. मला येत नाही. कीव यायला त्या माणसाला आधी काहीतरी दुखलेलं दिसावं लागतं.

गेल्या महिन्यात सोहमसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी गोदामातलीच, सगळं माहीत असलेली. पण तिच्या भावाने ते पेज पाहिलं आणि विचारलं, हा माणूस रोज पोरींना लव्ह यू लिहितो तो कोण? म्हणून मी आणि सोहम दाजींकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि मोबाइल हातात धरूनच बसले.

"पप्पा, ते पेज बंद करा," सोहम म्हणाला. "माझं लग्न ठरतंय."

दाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मिशीकडे, पोटाकडे, गोदामाच्या निळ्या शर्टाकडे. त्यात राग नव्हता. अनोळखी माणसाने पत्ता विचारावा तसं पाहिलं.

"तुझा काय संबंध?" ते म्हणाले. "हे पेज आर्टिस्टचं हाय. तुझं न्हाई."

सोहम दाराकडे वळला. मग त्याने बूट घातले. "चल मामा, माझी सेकंड शिफ्ट आहे."

जिन्यात तो मध्येच थांबला. "मामा, खरं सांग. तो माझ्यापेक्षा बरा होता का रे?"

"कोण?"

"व्हिडिओतला."

"तो मला कधी भेटलाच नाही," मी म्हणालो. "तू भेटतोस."

त्याने मान हलवली आणि आम्ही खाली उतरलो.